अण्णांच्या गाडीची चावी

अण्णांच्या गाडीची चावी मी बिघडवली. ती दुरुस्त करायला ते अकरा दिवस झटले आणि मी समोर बसून बघत राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून आलेले, चाकणच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मेंटेनन्सला. मशिनच्या नुसत्या आवाजावरून त्याचं काय दुखतंय ते सांगायचे. आई गेल्यावर ते पिंपळे सौदागरला माझ्याकडे राहायला आले, सोबत त्यांची गाडी. रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली, बटण दाबून चालू होणारी.

मग विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायचा राहायचा, नंतर माणसं ओळखू येईनात. एका सकाळी उठले तर ते घरात नव्हते. साडेसातला त्यांच्याच मोबाइलवरून फोन आला, पण बोलत होता त्यांच्या जुन्या कंपनीचा सिक्युरिटीवाला.

"मॅडम, काका गेटवर आलेत. म्हणतात, फर्स्ट शिफ्टला उशीर झालाय, आत सोडा. गाडी राँग साइडने आणली हो त्यांनी. थोडक्यात वाचले."

मी पोहोचले तेव्हा अण्णा केबिनमध्ये चहा पीत होते. मांडीवर डब्याची पिशवी. तिच्यात चार कांदे होते.

डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. मी चावी लपवली. अण्णांनी कपाटं उपसली, मला चोर म्हणाले आणि शेवटी भिंतीवर डोकं आपटायला लागले. मी घाबरून चावी परत दिली. पण देण्याआधी ती उघडली आणि आतल्या बटणासारख्या सेलखाली जो पत्रा असतो, त्या पत्र्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. मी एका कंपनीत क्वालिटीत, माल तपासायचं काम करते. दोष कुठे असला की सापडत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. सेल मेला तरी चावी बटणाला टेकवली की गाडी चालू होते, असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. ती पुस्तिका आणि दुसरी चावी मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आले.

त्याच दिवशी ते पार्किंगमधून वर आले. "चालू होईना गेलीय गं. चावीच काम करंना."

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी स्वतः नवा सेल आणला. तो घातला, काही झालं नाही. चावीच्या पोटातली लोखंडी काडी काढून त्यांनी दार उघडलं, आत बसून बटण दाबलं, तर समोर अक्षरं आली की चावी सापडत नाही. मग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. बारीक स्क्रूड्रायव्हर, स्पिरिट, कापूस आणि जुना मीटर. रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट खोचून ते तिथे बसत, ड्युटीवर असल्यासारखे. काय केलं ते वहीत लिहून ठेवत. आदल्या दिवशीचं आठवायचं नाही, म्हणून वही वाचून पुन्हा सुरुवात.

"सेलला तीन व्होल्ट दाखवायलंय. मग पुढं का जाईना?"

"जुनी झाली असेल, अण्णा."

"जुनी झाली म्हणून काय? कारण असतंयच."

नवव्या दिवशी त्यांचं नख बरोबर त्या चिकटपट्टीवर येऊन थांबलं. त्यांनी चावी उजेडात धरली, डोळे बारीक केले. मोतीबिंदू पिकत आलेला. मग मला हाक मारली.

"जरा बघ गं, हितं काही हाय का? बोटाला लागायलंय, पण दिसंना."

मी वाकले. चिकटपट्टीची कड चक्क चमकत होती. ते चावीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काही नाही, अण्णा."

"न्हाई ना? मग मला भास व्हायलाय."

अकराव्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, 'कारण सापडले नाही.' स्क्रूड्रायव्हर पुसून डबीत ठेवला. "चावीत बिघाड न्हाई," ते म्हणाले. "माझ्यातच हाय."

त्यानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही. शेजारणी दुरुस्तीला मिक्सर घेऊन आल्या की दारातूनच म्हणायचे, "आता मला येत न्हाई, ताई." पाचसहा महिन्यांत शर्टाची बटणंही लावता येईनात. डॉक्टर म्हणाले, आजार असाच वाढतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खरं असेल. पण त्या टेबलाशी बसलेला माणूस अजून स्वतःवर विश्वास ठेवून होता, आणि तो विश्वास माझ्या एका वाक्याने गेला, हे मला कुठलाही डॉक्टर खोटं ठरवून देऊ शकत नाही.

परवा दुपारी राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. चिकटपट्टी, पुस्तिका, ते 'काही नाही'. सांगता सांगता रडू फुटलं. अण्णांनी नीट ऐकून घेतलं, मग अदबीने पुढे झुकले.

"तुमची चावी बिघडली का, ताई? रडू नका. वडलांना फोन करा तुमच्या. येतील की ते."

मी हो म्हणाले. डोळे पुसले आणि त्यांना दुपारची गोळी दिली.