बायनाबाईच्या तीस खेपा

समजा, तुम्हाला पीएचडीसाठी विषय निवडायचा आहे. गाईड सांगतात, विषय नवा हवा, मोजता येणारा हवा, आणि विद्यापीठाच्या समितीपुढे बसताना हातात तीस रीडिंग हवीत. मुदत पंधरा दिवसांची. हुकली तर प्रवेश परीक्षा पुन्हा. तुम्ही कुठे शोधाल?

सुकन्याने घरात शोधलं. धारूरच्या डोंगराकडेची ती मेकॅनिकल इंजिनिअर, एका पॉलिटेक्निकमध्ये तासिकेवर शिकवायची. कायम व्हायला पीएचडी लागणार होती. आई बायनाबाई तीस वर्षं ऊसतोडीला जात होती. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचं, मोळी टाकून उतरायचं. त्या चढण्यात शरीरावर किती ताण येतो, हा विषय सुकन्याने मांडला. गाईड शिवशरण सर खूश झाले. "तीस रीडिंग घेऊन या. बाकी मी बघतो."

तेलगावच्या फडात तिने बोटाला लावायचा, ठोके मोजायचा चिमटा दाखवून बायकांना विचारलं. मंगल म्हणाली, "बोटाला चिमटा लावून मोळी उचलू व्हय, ताई? मुकादम काय गाडी थांबविल?"

बायनाबाई पुढे झाली. "मी हाय की. लाव मला तुझा चिमटा."

मग रोज काम सुटलं की उभ्या ट्रकवर दहा खेपा, असे तीन दिवस. वजन प्रत्येक वेळी चाळीस किलोच हवं, म्हणून सुकन्या मोळीत एखादा ऊस घालायची, एखादा काढायची. बोटाला तो चिमटा, मोबाईलवर वेळ.

"आणखी एक, आई."

"मुकादमापेक्षा वंगाळ हायस तू," बायनाबाई हसली. "त्यो निदान पाणी तरी पिऊ देतो."

तेविसाव्या खेपेला तिच्या मानेतून कळ निघाली. ती फळीवरच थबकली. सुकन्याने वहीत लिहिलं : 'खेप २३, वेग घटला.' मग म्हणाली, "सातच राहिल्यात, आई."

तिसावी खेप टाकून बायनाबाई उतरली तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

शिवशरण सरांनी तक्ता बघितला. "ही सगळी एकाच बाईची?"

"हो सर. लोड सारखा ठेवलाय. मशीन टेस्टिंगला आपण असंच घेतो ना?"

"मशीनला चालतं. इथं तीस म्हणजे तीस वेगळ्या बाया. तुमचा नमुना एकाच बाईचा आहे."

"मग एक म्हणून तरी धरा, सर."

सरांनी तेविसाव्या ओळीवर पेन टेकवला. "इथून पुढं बाईला दुखापत झालेली दिसते. अशी बाई नमुन्यात घेत नाहीत. थांबवलं नाही तुम्ही?"

कागद गोळा करून सुकन्या बाहेर आली. मुदत परवा संपत होती.

यंदा मुकादमाने बायनाबाईला टोळीत घेतलं नाही. गळ्याला पट्टा बांधून ती ओट्यावर बसते. रविवारी सुकन्या घरी येते, तेव्हा आईची वेणी घालते, कारण आईचा हात तिथवर पोचत नाही. पट्ट्यामुळे बायनाबाईला मागे वळून लेकीचं तोंड बघता येत नाही. ती समोर बघतच विचारते,

"त्या तिसातल्या किती धरल्या गं त्यांनी?"