मामांच्या शेवटच्या धोतराचं टोक

सकाळी बेसातल्या घरून निघालो तेव्हा गाडीत जेमतेम उमरेड गाठण्यापुरता चार्ज होता. सोसायटीतल्या एकुलत्या एका पॉइंटला रात्रभर शेजाऱ्यांची गाडी लागलेली. “बसनं जा,” बायको म्हणाली. पण मोबाइलवर उमरेडच्या अलीकडे हिरवी खूण होती, म्हणजे चार्जिंग चालू. शिवाय मामांना नव्या विजेच्या गाडीतून फिरवायचं होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

मामा उमरेडच्या पुढे एका खेड्यात राहतात. त्यांचा हातमाग त्या दिवशी कायमचा सुटणार होता. दुपारी टेम्पो तो घेऊन जाणार होता. आमच्या घरची रीत अशी की मागावरून धोतर कापताना दुसरं टोक घरच्या माणसानं धरायचं. मामी होत्या तोवर त्या धरायच्या. शेवटच्या धोतरासाठी मामांनी मला बोलावलं होतं.

हिरव्या खुणेच्या जागी चहाचं हॉटेल निघालं. चार्जिंगचं यंत्र होतं खरं. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि वाळलेला हार. हॉटेलवाले वामनराव हात पुसत आले.

“पूजा झाली जी, नारळबी फुटला. फक्त मीटर यायचं राहिलं.”

“मग मोबाइलवर चालू कसं दाखवतात?”

“काहून दाखवते, ते मले काय माहीत, भाऊ? तुम्ही काही पयले नाही फसले.”

त्यांनी फ्रिजची पिन काढून माझी वायर लावली. लाल दिवा. अर्थिंगच नव्हतं. मग त्यांनी जमिनीत सळई ठोकली, मीठ-पाणी ओतलं, तार बांधली आणि हिरवा दिवा लागला! आनंदानं मी तर्री-पोहे दोनदा मागवले. पोहे संपले, चार्ज मात्र हलेना. समोरून कोळशाचे ट्रक जात होते. इथला कोळसा वीज बनवायला जातो आणि मी इथंच विजेसाठी ताटकळत होतो.

तेवढ्यात मामांच्या गावाकडे जाणारी बस आली.

“थांबवू का जी? गाडी राहू द्या इथंच.”

मी नको म्हणालो. मामांना फोन केला.

“येऊन राहिला ना गा? आरामानं ये. टेम्पोवाल्याले थांबवून ठेवतो.”

मामांच्या गावापुरता चार्ज कसाबसा भरून पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. माग नव्हता, विणताना पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा फक्त उरला होता. टेम्पोवाला दोन तास थांबून गेला होता. मामांनी धोतराची घडी माझ्या हातात दिली.

“कोणी नव्हतं गा धरायले. टोक दाराच्या कडीले बांधलं अन् कापलं.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

मामांच्या घरच्या प्लगवर गाडीचा लाल दिवा काही हटेना. मामा तरीही हौसेनं आत बसले, उभ्या गाडीतच. “हिचा आवाजच नाही गा,” ते म्हणाले. घरातूनही आता मागाची खटखट येत नव्हती.

गाडी तिथंच ठेवून मी बसनं परतलो. वामनरावांचं हॉटेल खिडकीतून मागे गेलं. हीच बस सकाळीही होती.

घरी बायकोनं धोतर उलगडलं. एका टोकाला कडीच्या गंजाचा डाग होता.

“लिंबानं निघेल,” ती म्हणाली.

मी तो धुऊ दिला नाही. त्या जागी माझा हात असायला हवा होता.