गोधडीखालची बोटं

आखाडा बाळापूरच्या अमृतराव गुरुजींच्या वर्गात बोटांवर मोजणं हा गुन्हा होता. पाढे तोंडपाठ पाहिजेत, पावकी-दीडकीसकट. बोटांवर मोजताना कुणी सापडलं, की हात उलटा धरायचा आणि पट्टी खायची. मी त्यांची सख्खी लेक, पण मलाही माफी नव्हती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गेल्या पोळ्याला त्यांना झटका आला. बोलणं परत आलं, पाढे मात्र गेले. डॉक्टरांनी समजावलं, "लेकरं बेरीज करताना कपाळामागचा मेंदू जास्त राबवतात, त्यांना एकेक पायरी मोजावी लागते. मोठ्यांचं सरावाचं गणित बरंचसं डाव्या कानाच्या वर, मागच्या अंगाला चालतं. गुरुजींचा तोच भाग दुखावलाय. आता लेकरासारखं मोजू द्या."

काल मी विचारलं, "अप्पा, आठ आणि सात किती?"

त्यांच्या गोधडीखाली काहीतरी हलत होतं.

"काहून लपवून राहिले तुमी? हात काढा बाहेर!"

खुशाल मोजा, असं मी पुढं म्हणणारच होते.

त्यांनी हात काढला, उलटा केला आणि डोळे मिटून माझ्यापुढं धरला.