पाणवठ्यावरचे ठसे

मंडळी, आज सकाळचा प्रसंग अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

सत्तरच्या दशकात मी आणि माझी बायको सुमन, आम्ही सोलापूरबाहेरच्या माळावर मुलांसाठी निसर्ग केंद्र सुरू केलं. तिथल्या पाणवठ्याभोवतीची माती आम्ही संध्याकाळी भुसभुशीत करून ठेवायचो. रात्री कोल्हा, ससा, तरस, कोण पाणी पिऊन गेलं, ते सकाळी शाळेची मुलं ठशांवरून ओळखायची.

मुलं यायच्या आधी आम्ही बघून यायचो. जनावरांचे ठसे तुडवले जाऊ नयेत म्हणून सुमन पुढं आणि मी तिच्याच पावलांवर पाय ठेवत मागं.

मुलं हमखास फसायची. "हितनं एकच माणूस गेलंय," म्हणायची. मग सुमन हसत पुढं यायची. "नीट बघा की! ठशाची कड दुहेरी हाय. दोघं होतो आमी!"

गेल्या उन्हाळ्यात सुमन वारली. केंद्र मी एकटाच चालवतो. शाळा आता क्वचितच येतात.

आज वैरागची एक शाळा आली. मी नेहमीसारखा आधी जाऊन आलो होतो. एक मुलगी मातीवर वाकून म्हणाली, "आजोबा, हितनं एकच माणूस गेलंय की."

इतक्या वर्षांची सवय. मी हसून म्हणालो, "फसलीस! कड बघ, दुहेरी असेल." आणि सुमनला पुढं बोलवायला मागं वळलोसुद्धा.

पोरगी गुडघ्यावर बसून बघत राहिली. "न्हाय आजोबा. एकच हाय."

तिला शाब्बास म्हणायला हवं होतं. तुम्हाला जमलं असतं का?