मामीच्या पेशींतले दोन रंग

मामीला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे असं कळलं त्या दिवशी मामांचा फोन आला. मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच्या संशोधनात काम करते, त्यामुळे नातेवाइकांतलं कुठलंही दुखणं आधी माझ्याकडे येतं. मला वाटलं, मामा रडतील. ते म्हणाले, "पोरी, खरं सांग. कोयशानंच झालं ना हे?"

मामा वणीकडच्या एका कोळसा खाणीतून रिटायर झाले. घर तिथून जवळच. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी झटकल्याशिवाय घरात आणता येत नाही. मामांचे कामाचे कपडे मामीनं जन्मभर हातानं धुतले. आधी अंगणात आपटायचे, धूळ उडाली की मग भिजवायचे. बिडी सोडा, तिनं कधी तंबाखू-सुपारीचा खर्राही तोंडात धरला नव्हता. मामांच्या दृष्टीनं तपासायला काही उरलंच नव्हतं.

त्या रविवारी मी वणीला गेले. मामीच्या गाठीतला तुकडा दवाखान्यात काढून ठेवलेला होता आणि त्यातला थोडा आमच्या अभ्यासासाठी द्यावा, असं तिच्या डॉक्टरांना वाटत होतं. मी समजावून सांगितलं, की कधी कधी पेशीतलं एक जनुक मधेच तुटतं आणि भलत्याच जनुकाला जाऊन चिकटतं. त्या जोडामुळे पेशी वाढत सुटते. तसा जोड सापडला तर त्यावर गोळी आहे. तंबाखूला न शिवलेल्या बायांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतो.

"पैसे?" मामांनी विचारलं.

"पैसे नाही लागत. संशोधनातून होतं."

"फुकट काहून?" ते खाटेवर सरळ होऊन बसले. "फुकट कोनी काई देत नाई. अन् मले एक सांग. तुमी म्हनसान का हिच्या जनुकातच खोट होती. मंग खाणवाले मोकये. असंच ना?"

आमच्या कामाकडे असंही बघता येईल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मामी आतून पदराला हात पुसत आली. दोन पावलं चालली की तिला धाप लागत होती. "आवो, तुमाले भांडायचं हाय, मले जगायचं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "घेऊन जाय बाई तुकडा. मले का लोनचं घालायचं हाय त्याचं?"

नात्यातला नमुना असल्यामुळे मी त्याला हात लावला नाही. प्रयोगशाळेत माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीनं तो तपासला. तो कुणाचा आहे हे तिला माहीत नव्हतं. आम्ही चमकणाऱ्या रंगाचे डीएनएचे तुकडे वापरतो, त्यांना प्रोब म्हणतात. जनुकाच्या एका बाजूला लाल प्रोब बसतो, दुसऱ्या बाजूला हिरवा. जनुक धड असेल तर दोन्ही रंग एकमेकांना चिकटून पिवळे दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे.

ती अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "तुटलंय."

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती शंका. तपासणीसाठी तुकड्याचा पातळ काप घेताना पेशी छाटली गेली तरी रंग सुटे दिसतात. मी आमच्या वरिष्ठ सरांना पुन्हा मोजायला लावलं, तेही नमुना कुणाचा ते न सांगता. त्यांचाही निकाल तोच आला. तरी त्या रात्री मला वाटत राहिलं, आपल्या चेहऱ्यावरून तर या दोघांना नमुना घरचाच आहे हे कळलं नसेल ना?

मामांना निकाल सांगितला तर म्हणाले, "मले माह्या डोयानं पाहू दे." आणि खरंच आठवड्याभरात एसटीनं नागपूरला आले. सरांची परवानगी घेऊन मी पडद्यावर मामीच्या पेशी दाखवल्या. काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळसर गोळे आणि त्यांत ठिपके.

"हे तिचंच कशावरून?"

मी काचेवरचा नंबर दाखवला. तो त्यांनी दवाखान्याच्या कागदावरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवून पाहिला.

"बरं. मोडलं कोनं हे?"

"ते यात दिसत नाही, मामा."

"कोयशानं मोडलं असन तर?"

"तेही दिसत नाही."

"म्हंजे कोयशानं नाई मोडलं, असंबी तुमाले सांगता येत नाई?"

"नाही. तुटलं एवढंच दिसतं. कशानं, ते नाही."

ते पडद्याकडे बघत राहिले. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "मी कपडे खाणीवरच धुवून आनाले पाह्यजे होते. तिथं पान्याचा नय होता." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं, ते फक्त खाणीवर संशय घेतायत.

गोळी सुरू झाली. मामा प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघायचे, मागच्या पाकिटाशी रंग जुळवायचे. महिन्याभरात मामीची धाप कमी झाली, पुढं ती वणीच्या बाजारात पिशवी घेऊन जायला लागली. डॉक्टरांनी मात्र बजावलंय की आजार कधीतरी या गोळीलाही चकवू शकतो, तपासण्या चुकवायच्या नाहीत.

मागच्या दिवाळीत मामांनी शेजारची दोन-तीन रिटायर माणसं घरी बोलावली आणि मला म्हणाले, "सांग यायले, तुह्या तपासनीनं कोयसा सुटत नाई म्हनून." मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. कोळशावर ठपकाही ठेवला नाही, त्याला सोडलंही नाही. एक काका उठता उठता दुसऱ्याच्या कानात पुटपुटले, "मामाले खूश कराले बोलून राह्यली. नाईतर खाणवाल्यायनं शिकवून पाठवली असन." मला ते स्पष्ट ऐकू आलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मामी खोकली.

 मामा उठून दारापर्यंत गेले.

"फोडनीचा ठसका हाय, बापा," मामी आतून म्हणाली. "बसा तुमी."

मामा बसले नाहीत. मीही उठून आत गेले. कढईत खरंच मिरच्या तडतडत होत्या, धुरानं माझेही डोळे भरून आले. तरी मी ओट्याशी उभी राहिले, ती पुन्हा खोकते का ते ऐकत.