ओलीचा कडता

मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्ट आला, पंपिंग उत्तम. झालं! दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. सेलूच्या बाजारात आमचं धान्यखरेदीचं दुकान होतं. तूर विकायला येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी ही आनंदाची बातमी देऊ लागले. देता देता धाप लागायची, वाक्य अर्ध्यात थांबायचं, आणि समोरचा बिचारा ते पुरं व्हायची वाट बघत बसायचा. पाय तर असे सुजलेले की चप्पल चढेना.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी मूठ आवळून दाखवली. "काका, तुमचं हृदय आवळतं छान, पण नंतर सैल पडत नाही. इतक्या वर्षांच्या बीपीनं ते ताठरलंय. रक्त आत नीट भरत नाही, मग पाणी फुप्फुसात आणि पायांत तुंबतं."

"आवळता येते, सैल सोडता येत नाई," सासूबाई म्हणाल्या. "हे तर मले लग्नापासूनच मालूम हाये."

मामंजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागले.

पाणी उतरवायच्या गोळ्या मिळाल्या, मीठ कमी झालं आणि एक काम लागलं: रोज सकाळी वजन करायचं. दोन किलो चढलं तर लगेच कळवायचं, कारण ते मांस नसतं, पाणी असतं. एवढं सांभाळलं तर दुकानात खुशाल बसा, नाहीतर वरचेवर दवाखान्यातली खाट. दुकान सुटणं म्हणजे मामंजींना मरणच. पण वजनाचं काम ऐकून ते खूश झाले. वजन करायला त्यांना कोणी शिकवायचं? पोत्यांचा काटा दारातच होता.

रोज सकाळी ते एकटेच काट्यावर चढत आणि आत येऊन सांगत, "तेवढंच हाये." महिनाभर तेवढंच होतं. सूज मात्र पोटऱ्यांपर्यंत चढली आणि जिना चढताना ते मधेच पायरीवर बसू लागले. शेवटी पुन्हा सावंगीला नेलं. तिथल्या काट्यावर ते साडेतीन किलो जास्त भरले.

"तुमचा काटा खोटा हाये," मामंजी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. धाप लागलेली, तरी म्हणाले.

सासूबाईंना वेगळाच संशय आला. "तुमी कडता तं नाई कापला?"

"मंग? कपड्याचा कापला, ओलीचा कापला. वल्ल्या मालाचं वजन कोनी पुरं धरते काय?"

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मी समजावलं, पोत्याचं वजन आणि मालातली ओल यापोटी व्यापारी एकूण वजनातून थोडं कापतो, तो कडता. अंगात पाणी वाढलंय हे मामंजींनी बरोबर ओळखलं होतं, आणि सवयीने तेवढं वजा करून ते आम्हाला कोरड्या माणसाचं वजन सांगत होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, मला ती ओलच हवी आहे हो!"

मला हसूही आवरेना आणि रागही.

इंजेक्शनांनी पाणी उतरलं, मामंजी घरी आले आणि काट्याचा ताबा सासूबाईंनी घेतला. मामंजी वर उभे राहत, सासूबाई वजन वाचून मोठ्याने सांगत, आणि सोयाबीन घेऊन आलेले शेतकरी ओट्यावर बसून ऐकत. रोजचा तमाशा, मला फार आवडायचा. मधे एकदा वजन चढलं, तेव्हा वेळेवर कळवलं, गोळी वाढवली आणि दवाखाना टळला.

एके सकाळी ओट्यावरचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "शेठ, तुमची ओल वजनात धरून राह्यले, मंग आमची काऊन कापता?"

कडत्यावरून मामंजींची थट्टा करायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. ते ताडकन खाली उतरले. "टाक तुयं पोतं!" पोतं चढताच त्यांनी दाणाही न कापता पुरं वजन ओरडून सांगितलं, आणि वर त्या म्हाताऱ्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या ओल्या सोयाबीनला शेलक्या शब्दांत झोडपलं. कडता त्यांनी सोडला असं मात्र म्हणणार नाही. पुढच्याच पोत्याला तो कापला.

मी घाबरून सासूबाईंचा हात धरला. "आई, थांबवा त्यांना, धाप लागेल."

सासूबाईंचा चेहरा फुलला होता. "ओरडू दे वं त्यायले," त्या म्हणाल्या. "किती दिसानं एका दमात ओरडून राह्यले."