कुटून बघितलं तेव्हा

भवानी पेठेत कुलपं दुरुस्त करणाऱ्या मकबूलभाईंची अफशीन शिकत गेली, शिकतच राहिली. बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली आणि ही अजून दोन बस बदलून प्रयोगशाळेत, भट्टीपुढे. भट्टीत बोटाएवढी पोलादी नळी. तिच्यात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे पांढरे दाणे भरायचे आणि वरून टोल्युइनची तापलेली वाफ सोडायची. दाण्यांच्या अतिसूक्ष्म भोकांत शिरून त्या वाफेचं बेंझीन आणि झायलीन होतं. ते किती वेगानं होतं, एवढ्यावर तिची पीएचडी.

प्रबंध टाइप झाला, सह्या तेवढ्या राहिल्या, आणि अफशीनबाईंना अवदसा आठवली. दाणे बारीक कुटून तिनं तोच प्रयोग पुन्हा लावला. वेग वाढला. बाकी सगळं तेच असताना नुसत्या कुटण्यानं तो वाढायला नको होता. म्हणजे जाड दाण्याच्या पोटात वाफ धड पोचतच नव्हती. रिॲक्शनचा म्हणून जो वेग इतकी वर्षं मोजला, त्यात वाफेचं रखडणंच जास्त होतं.

तिनं आकडे दत्तप्रसाद सरांना, तिच्या गाइडना, दाखवले.

"हे तुला कुणी करायला सांगितलं होतं?"

"कुणीच नाही, सर. हे सुरुवातीलाच करायचं असतं. मी केलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत."

"वा! म्हणजे आता आम्हीच आरोपी. अहो अफशीनबाई, परीक्षक काय खलबत्ता घेऊन येणार आहेत? सही घ्या आणि मोकळ्या व्हा. नाहीतर वर्ष जाईल तुमचं."

"मग हा वेग कशाचा म्हणून लिहू, तेवढं सांगा."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. सही न घेताच ती उठली. मोठ्यांची तऱ्हाच ही. चूक दोघांची, घाई त्यांची आणि वर्ष जाणार पोरीचं.

घरी आई, हमीदा, चपात्या लाटत होती. "शेजारी विचारतात, झाली का डॉक्टर? काय सांगू?"

"सांग, अजून कुटतेय."

"आम्ही जन्मभर कुटलं, आम्हाला कोण म्हणतं गं डॉक्टर?"

अफशीनला हसायचं होतं, पण अंगात तेवढाही जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्क बांधून तिनं आणखी बारीक दाणे चाळले, नळीत भरले. भट्टी तापेपर्यंत स्टुलावरच तिचा डोळा लागला. उठून वाफ सोडली, आकडा पाहिला. पुन्हा वाढलेला. आता तो वाढायचा थांबेपर्यंत, म्हणजे रिॲक्शनचा खरा वेग हाती येईपर्यंत, कुटत राहायचं, दुसरा इलाज नव्हता. तिनं भट्टी बंद केली, पाठ भिंतीला टेकली आणि नळी गार व्हायची वाट बघत बसली.